गॅरेजविरुद्ध ग्राहक आयोगात: घाटात बंद पडलेल्या गाडीच्या प्रकल्प नोंदी

या नोंदी मी वहीत ठेवत गेले, त्या जवळपास तशाच इथे उतरवते आहे. गाडी २०१५ची स्विफ्ट डिझेल. वकील न लावता तक्रार चालवली. गॅरेजचं नाव देत नाही. माझं काम झालं आहे, आणि तुमचं गॅरेज वेगळं असेल.

४ फेब्रुवारी २०२३
कूलंट गळत होतं म्हणून गाडी गॅरेजला दिली. वॉटर पंप बदलला, वरचा होज (कूलंटची रबरी नळी) काढून पुन्हा बसवला, कूलंट भरलं. ६,८०० रुपये. त्यातले ४,००० यूपीआयने दिले, २,८०० रोख. गॅरेजच्या शिक्क्याच्या कागदावर हाताने आकडे लिहून मिळाले. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी लागेल मॅडम, वर अठरा टक्के" असं उत्तर. मी गप्प बसले. ही पहिली चूक, आणि ती पुढे दोन महिने खाऊन गेली.

११ फेब्रुवारी, शनिवार
आईला घेऊन साताऱ्याला मामाकडे निघालो होतो. खंबाटकीच्या चढावर तापमानाचा लाल दिवा लागला. पुढे-मागे ट्रक, थांबायला जागा नाही. वळणापलीकडे रस्ता रुंद होतो तिथवर गाडी नेली आणि बंद केली. अंतर तीन-चारशे मीटर असेल. बॉनेटखालून वाफ येत होती.

वाफ ओसरल्यावर पाहिलं तर वरचा होज पाइपातून निसटून लोंबत होता आणि क्लिप होजवरच मागे सरकलेली होती. नवऱ्याला दाखवायला म्हणून मी सहा फोटो काढले. पहिल्या फोटोची वेळ ८:४१. पुराव्याचा विचार तेव्हा डोक्यात नव्हता, पण पुढची सगळी तक्रार याच सहा फोटोंवर उभी राहिली. १०३३ला फोन केला, महामार्गाची गस्तीची गाडी आली, त्यांनी शंकू लावून दिले. टोइंगचे ३,००० रुपये, पावती घेतली.

गाडी सरळ त्याच गॅरेजला नेली. ही दुसरी चूक.

१३ फेब्रुवारी
मी पोचण्याआधीच गॅरेजच्या मुलाने होज पुन्हा बसवून, पाणी भरून इंजिन सुरू करून पाहिलं होतं. मालक म्हणाले, "हेड गॅस्केट गेलंय. गाडी गरम झाल्यावरही तुम्ही चालवत राहिलात, त्याला आम्ही काय करणार? तुमच्या मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं, हेडखालचं सील.) हातात ५५,००० चं छापील एस्टिमेट दिलं. त्या एस्टिमेटच्या तळाशी जीएसटी क्रमांक होता. मी तो कागद जपून ठेवला, बाकी काही बोलले नाही.

विमा कंपनीला विचारलं. यांत्रिक बिघाड आपल्या पॉलिसीत येत नाही, एवढंच कळलं.

१७ फेब्रुवारी
गाडी दुसऱ्या गॅरेजला हलवली, टोइंग १,५००. तिथल्या मिस्त्रींना सांगितलं, अजून एक नटही सोडू नका. ते म्हणाले, "ताई, उभी ठेवायचे रोज शंभर लागतील." कबूल केलं, पण लेखी घेतलं नाही.

२० फेब्रुवारी
ग्राहक पंचायतीच्या मोफत मार्गदर्शन केंद्रात गेले. तिथले काका निवृत्त आहेत, वर्षानुवर्षं हेच काम करतात. त्यांनी सांगितलं ते असं: जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतचे व्यवहार येतात. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. नुकसान झाल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. बिल न देणं हीसुद्धा त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

मग त्यांनी विचारलं, "लाल दिवा लागल्यावर गाडी किती चालवलीत?" मी जरा घुटमळले. ते म्हणाले, "हे तक्रारीत तुम्हीच आधी लिहा. सामनेवाल्याने सांगितलं तर तो आरोप होतो. तुम्ही सांगितलं तर ती हकीकत राहते."

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गाडी उघडण्याआधी त्यांना तपासणीला बोलवा. लेखी बोलवा. येवोत न येवोत.

२२ फेब्रुवारी
गॅरेजला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पत्र पाठवलं. तेच पत्र व्हॉट्सअ‍ॅपवरही. मजकूर चार ओळींचा: ४ मार्चला सकाळी ११ वाजता अमुक ठिकाणी इंजिन उघडणार आहोत, आपला माणूस पाठवा, न आल्यास आपल्या अनुपस्थितीत तपासणी होईल. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

४ मार्च
तपासणी. विमा कंपन्यांची कामं करणारे परवानाधारक मोटर सर्व्हेअर बोलावले होते, फी ३,५००. असे लोक खाजगी कामही घेतात हे मला माहीत नव्हतं. समोरून कुणी आलं नाही. साडेअकरापर्यंत वाट पाहिली आणि तेही कागदावर लिहिलं.

सर्व्हेअरांनी पाहिलेली गोष्ट सविस्तर लिहिते, कारण निकाल तिच्यावर लागला. होज ज्या पाइपावर चढतो त्याच्या तोंडाशी एक उंचवटा असतो. क्लिप त्या उंचवट्याच्या आत बसली पाहिजे, म्हणजे दाब आला तरी होज बाहेर सरकत नाही. आमच्या होजच्या रबरावर दोन वळ होते. एक जुना, खोल, योग्य जागी. दुसरा नवा, उथळ, होजच्या अगदी कडेला. म्हणजे पंप बदलताना क्लिप उंचवट्यावरच आवळली होती. सपाट रस्त्यावर आठवडाभर टिकली, घाटाच्या चढावर दाब वाढला आणि निसटली. गॅरेजच्या मुलाने होज पुन्हा बसवला होता तरी ते वळ पुसले गेले नव्हते.

माझ्या मनातली एक शंकाही त्यांनी दूर केली. लाल दिवा आधीच का लागला नाही? त्यांचं म्हणणं, कूलंट एकदम निघून गेलं की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत राहतो आणि इशारा उशिरा येऊ शकतो. हे त्यांनी अहवालात लिहिलं.

होज आणि क्लिप पिशवीत घालून सील केली, त्यावर सर्व्हेअर, मिस्त्री आणि मी अशा तिघांच्या सह्या, तारीख.

१४ मार्च
अहवाल हातात आला. आज मिस्त्रींना काम सुरू करायला सांगितलं. पार्किंगचे २५ दिवसांचे २,५०० दिले. पावतीपुस्तक नाही म्हणाले, मी सोडून दिलं.

२५ मार्च
गाडी मिळाली. हेड फेसिंग, गॅस्केट, होज, ऑइल, कूलंट, मजुरी. इंजिन उघडलंच आहे तर म्हणून ब्रेक पॅड आणि इंजिन माउंटिंगही बदलून घेतलं, ७,९००. सगळं एकाच बिलात, एकूण ४९,२००. वेगळं बिल करून घ्यायला हवं होतं.

३ एप्रिल
मागणीची नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, पोचपावतीसह. कायद्याने अशी नोटीस सक्तीची नाही, तरी द्यावी. पोस्टाच्या साइटवरचा ट्रॅकिंगचा कागद त्याच आठवड्यात छापून घ्या. पुढे ती नोंद दिसेनाशी होते, पहिल्या पत्राच्या बाबतीत माझं तसंच झालं.

एप्रिल ते जून
उत्तर नाही. तक्रार लिहायला मला दोन महिने लागले, कारण मी नऊ पानं लिहिली. गॅरेजवाला काय बोलला, "मिस्टरांना पाठवा" म्हणाला तेव्हा कसं वाटलं, आईचे हाल. काकांनी लाल पेन घेऊन ती साडेतीन पानांवर आणली. परिच्छेदाला क्रमांक, प्रत्येक विधानाखाली कागदाचं पान. एका ओळखीच्या वकिलांनी एकदा वाचून दिली, १,५०० रुपये घेतले. हे पैसे सत्कारणी लागले, कारण मागण्यांचा परिच्छेद त्यांनी नीट बांधून दिला.

मागितलं ते असं: दुरुस्ती ४९,२००, पंपाचे ६,८००, टोइंग ४,५००, पार्किंग २,५००, सर्व्हेअर ३,५००. बेरीज ६६,५००. शिवाय मानसिक त्रासाचे एक लाख आणि तक्रारखर्च २५,०००. एक लाखाचा आकडा रागाच्या भरात घातला होता. काका नको म्हणाले होते.

१४ जून
ग्राहक आयोगांच्या ई-दाखिल या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार भरली. अनुक्रमणिका, तारखांची यादी, पक्षकारांचा तपशील, तक्रार, शपथपत्र आणि कागदपत्रं, सगळं पीडीएफमध्ये. स्कॅन करण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

२६ जून
त्रुटी निघाल्या. दोन पानं वाचता येत नव्हती, पान क्रमांक सलग नव्हते, फोटोंसोबत तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५बचं प्रमाणपत्र नव्हतं. ते प्रमाणपत्र मी स्वतःच दिलं: फोटो कुठल्या फोनने काढले, फोन कुणाच्या ताब्यात होता, प्रिंट कशी काढली. ५ जुलैला पुन्हा भरून छापील संच नेऊन दिले. खिडकीवरच्या बाईंनी पानं उलटत सांगितलं, "ताई, प्रत्येक संचाला तेच क्रमांक हवेत, नाहीतर युक्तिवादाच्या दिवशी गोंधळ होतो." तिथेच बसून तीन संचांवर पेनाने क्रमांक घातले.

२४ जुलै
दाखल सुनावणी, म्हणजे तक्रार चालवायला घ्यायची की नाही ते ठरवणारी. दहा मिनिटंही लागली नाहीत. तक्रार दाखल करून घेतली, सामनेवाल्यांना नोटीस.

४ सप्टेंबर
नोटीस परत आली. मी पाटीवरचं नाव लिहिलं होतं, पण पाटी म्हणजे पक्षकार नव्हे. जीएसटीच्या साइटवर एस्टिमेटवरचा क्रमांक टाकून शोध घेतला, तर व्यवसायाचं कायदेशीर नाव वेगळंच निघालं. एका व्यक्तीचं, प्रोप्रायटर म्हणून. यूपीआयच्या नोंदीतही तेच नाव होतं आणि ते फेब्रुवारीपासून माझ्या फोनमध्ये पडून होतं. दुरुस्तीचा अर्ज दिला.

९ ऑक्टोबर
अर्ज मंजूर. शीर्षक दुरुस्त करून नवीन नोटीस. ३१ ऑक्टोबरला बजावली गेली, पोच परत आली.

११ डिसेंबर
बजावणीपासून ४१वा दिवस. सामनेवाल्यांचे वकील वकालतनामा घेऊन आले आणि मुदत मागितली. लेखी म्हणणं देण्यासाठी कायद्यात ३० दिवस आहेत, वर जास्तीत जास्त १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी ठरवलं आहे की ४५ दिवसांपलीकडे आयोगाला मुदत वाढवता येत नाही. मी हिशेब करून बसले होते. चार दिवस उरले होते, म्हणणं येणार नाही अशी माझी खात्री झाली होती.

१४ डिसेंबर
४४व्या दिवशी म्हणणं दाखल झालं. त्यात तीन मुद्दे. एक, पंपाचं काम बरोबर होतं. दोन, फोटो बनावट आहेत. तीन, गाडी गरम झाल्यावर तक्रारदार एका ढाब्यावर अर्धा तास थांबल्या, तिथे गरम इंजिनात थंड पाणी ओतलं आणि पुढे घाट चढल्या, म्हणून हेड गेलं.

तिसरा मुद्दा वाचून रात्रभर झोप लागली नाही. ढाबा कुठला? आम्ही कुठे थांबलोच नव्हतो. पण नाही थांबलो हे सिद्ध कसं करायचं?

जानेवारी २०२४
उत्तर फास्टॅगमध्ये सापडलं. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये खेड-शिवापूर टोलची वेळ होती ७:५२. घाटातला पहिला फोटो ८:४१. मध्ये ४९ मिनिटं, अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, त्यात शनिवारची गर्दी आणि घाटाचा चढ. अर्धा तास ढाब्यावर काढला असता तर उरलेल्या १९ मिनिटांत तिथे पोचणं अशक्य. शिवाय १०३३च्या कॉलची नोंद ८:४३ची आणि टोइंगच्या पावतीवर ठिकाण. हे सगळं प्रत्युत्तरात जोडलं. फास्टॅगचं स्टेटमेंट बँकेकडून शिक्क्यासह घेतलं.

२२ जानेवारीची तारीख होती. त्या दिवशी राज्यात सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली, तारीख पुढे गेली.

२६ फेब्रुवारी
पुराव्याचं शपथपत्र दिलं. हरकत आली की सर्व्हेअरचा अहवाल आहे, पण सर्व्हेअरचं शपथपत्र नाही. हरकत रास्त होती. सर्व्हेअर तेव्हा बाहेरगावी होते, त्यात ही तारीख वाया गेली. अहवाल घेतानाच शपथपत्र करून घ्यावं, नोटरीचे दीडशे रुपये लागतात.

१५ एप्रिल
सर्व्हेअरचं शपथपत्र दाखल. सीलबंद पिशवी आयोगाकडे दिली. सामनेवाल्यांनी पुराव्यासाठी मुदत मागितली.

१० जून
समोरून ना तज्ज्ञाचा अहवाल, ना गॅरेजच्या त्या मुलाचं शपथपत्र. फक्त मालकाचं. आयोगाने विचारलं, तडजोडीची शक्यता आहे का? बाहेर व्हरांड्यात वकिलांनी १५,००० सांगितले. मी ४५,००० म्हटलं. मालक पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, एवढ्याशा क्लिपसाठी?" मी म्हटलं, हो, तेवढ्याच क्लिपसाठी. तडजोड झाली नाही. खरं सांगायचं तर ते २५,०००वर आले असते तर मी घेतले असते. सहावी अर्धी रजा होती ती.

१२ ऑगस्ट
लेखी युक्तिवाद, चार पानं.

२३ सप्टेंबर
तोंडी युक्तिवाद. मी आदल्या रात्री वीस मिनिटांचं भाषण तयार केलं होतं, बोलायला मिळाली सात मिनिटं. पहिली दोन घाबरण्यात गेली. मग पान ३१ उघडायला सांगितलं, म्हणजे होजवरच्या दोन वळांचा फोटो. त्यानंतर पान ४४, फास्टॅग. सामनेवाल्यांच्या वकिलांनी जोर दिला तो लाल दिव्यानंतर गाडी चालवण्यावर. अध्यक्षा म्हणाल्या, "हे तक्रारदारांनी तक्रारीच्या सहाव्या परिच्छेदात स्वतःच लिहिलं आहे. अंतरही लिहिलं आहे. ते खोटं असल्याचं तुमच्याकडे काय आहे?" वकिलांनी कागद चाळले. मला त्या क्षणी काका आठवले.

११ नोव्हेंबर
आदेश. तक्रार अंशतः मंजूर.

दुरुस्तीचे ४१,३०० मान्य. ब्रेक पॅड आणि माउंटिंगचे ७,९०० वजा, कारण त्यांचा होजशी संबंध नाही. पंपाचे ६,८०० नामंजूर, कारण पंप चांगला आहे आणि गाडीत आजही चालू आहे. मला हे पटलं. टोइंग ४,५०० आणि सर्व्हेअर ३,५०० मान्य. पार्किंग पावतीअभावी नामंजूर. म्हणजे ४९,३००, त्यावर तक्रार भरल्याच्या तारखेपासून, म्हणजे १४ जून २०२३ पासून, द.सा.द.शे. ६ टक्के व्याज. मानसिक त्रासापोटी ८,०००, खर्चापोटी ५,०००. मुदत आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवस.

एक लाखाच्या मागणीबद्दल आदेशात "अवाजवी" हा शब्द आहे. वाईट वाटलं, पण तो आकडा मीच लिहिला होता. घाटात थांबण्याबाबत आदेश म्हणतो की चढावर, वाहतुकीत, पहिल्या सुरक्षित जागी थांबणं ही वाजवी काळजीच आहे. हे वाक्य मी आईला दोनदा वाचून दाखवलं. पावणेदोन वर्षं ती म्हणत होती की माझ्यामुळे तुला घाईने निघावं लागलं.

कायद्यात अशा तक्रारीसाठी तीन महिने लिहिलेत, माझी सतरा महिने चालली. त्यातले दोन-अडीच महिने चुकीच्या नावाचे आणि दीड महिना सर्व्हेअरच्या शपथपत्राचा, म्हणजे माझ्याच खात्यावर.

२७ जानेवारी २०२५
मुदत संपली, पैसे नाहीत. अपिलाची नोटीसही नाही. अपील करायचं तर आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आज दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली. दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली कलम ७१ खाली, आणि आदेश न पाळल्याबद्दल शिक्षेचा अर्ज कलम ७२ खाली. त्यात एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० दंड असं आहे. मी दोन्ही अर्ज वेगवेगळे दिले. १ जानेवारीपासून ई-जागृती हे नवं पोर्टल सुरू झालं आहे, ते समजून घेण्यात एक संध्याकाळ गेली.

१० मार्च
पहिल्याच तारखेला वकील डिमांड ड्राफ्ट घेऊन आले. ४९,३००, व्याज ५,१४६, ८,००० आणि ५,०००, एकूण ६७,४४६. व्याजाचे दिवस मी घरून मोजून नेले होते, ६३५. त्यांचाही आकडा तोच निघाला. पैसे मिळाल्याची पुरसिस (आयोगाला लेखी निवेदन) दिली, दोन्ही अर्ज निकाली.

खर्चाचा हिशेब विचारतील त्यांच्यासाठी: झेरॉक्स आणि प्रिंट १,३२०, पोस्ट ४१०, नोटरी ३००, वकिलांचं एकदाचं वाचन १,५००. अर्ध्या दिवसाच्या रजा अकरा.

१७ मार्च
होज आणि क्लिपची पिशवी अजून आयोगाकडे आहे. परत मिळावी म्हणून अर्ज दिला. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज घेतला आणि विचारलं, "ताई, पान क्रमांक?" एकच पान होतं, तरी कोपऱ्यात १ घातला.